दोन बेपर्वा मुले

लोकांच्या मताची तमा न बाळगणारी कथांतली मुले मला नेहमीच मोह घालीत आली आहेत. तथापि त्या सर्वांची बेपर्वाई एकाच जातीची नसते, हे ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांची पिप्पी आणि मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन यांना शेजारी बसवून पाहिले म्हणजे ध्यानी येते.

लिंडग्रेन यांच्या आजारी लेकीच्या हट्टापायी रचली गेलेली आणि १९४५ साली स्वीडनमध्ये ग्रंथरूपाने अवतरलेली नऊ वर्षांची पिप्पी जुनाट घरात घोडा व माकड यांच्या सोबतीने राहते, एका पायात तपकिरी नि दुसऱ्यात काळा मोजा घालते, आणि तिला बालकाश्रमात न्यायला आलेल्या पोलिसांना उचलून रस्त्यावर ठेवते. सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी आणि घोडा उचलण्याचे बळ जिच्यापाशी आहे, तिच्यावर गावाचा हुकूम चालावा कसा? तरीही शेजारणीकडे कॉफीपानाला जाताना हीच पिप्पी ओठ आणि नखे रंगवून सजते, आणि तिथल्या धिंगाण्याबद्दल बोल बसताच, आपल्याला रीतीने वागता येत नाही या जाणिवेने तिचे डोळे भरून येतात. हा प्रसंग गाळला असता, तर पिप्पी केवळ अद्भुत शक्ती होऊन राहिली असती.

हकपाशी असले बळ नाही. मिसिसिपीवरच्या तराफ्यावरून निसटू पाहणाऱ्या गुलाम जिमला साथ देणे ही मालकिणीची चोरी, आणि तिची शिक्षा नरक, ही गावाची शिकवण त्याने मनोमन खरी मानलेली आहे. म्हणून तो त्या मालकिणीला, मिस वॉटसनला, जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र लिहितो, पाप धुऊन निघाल्याचे समाधानही त्याला लाभते. आणि मग त्याला आठवतो तो जिम, जो आपला पहारा संपल्यावर निजलेल्या हकला न उठवता त्याचाही पहारा स्वतःच करीत असे. हक पत्र फाडतो आणि नरक पत्करतो.

(हकच्या पुस्तकालाही लोकमताचा जाच चुकला नाही: अमेरिकेत ते निघाले त्याच १८८५ साली कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने ते बहिष्कृत केले.)

पिप्पीला गावाचा निवाडा ओठांवरच्या रंगाइतकाच स्पर्श करतो. हकच्या अंतःकरणात मात्र गावाची अदालतच भरलेली आहे, तिचा निकाल आपल्याविरुद्ध गेला हे त्याला कबूल आहे, आणि तो कबूल असतानाही त्याचे पाऊल मागे फिरत नाही. धैर्याचा प्रश्न असेल, तर माझा कौल हकच्या बाजूने पडतो. मुलांच्या हाती पिप्पी अवश्य द्यावी. परंतु मुले थोडी मोठी झाल्यावर त्यांची हकशी गाठ पडेल, एवढी तजवीज पालकांनी जरूर करावी.