ट्रकच्या केबिनमधला हिवाळा

2018 ची दिवाळी आटोपली आणि मी मामांच्या ट्रकवर राहायला गेलो. घरी पैशाची गरज होती, आणि आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की मामांना हाताखाली माणूस लागायचाच. ट्रक काटोलच्या एका मालकाचा होता, मामा त्यावर ड्रायव्हर. काटोल-नरखेडच्या बागा आणि नागपूरचं कळमना मार्केट यार्ड यांच्यामध्ये धावणारी ती सहाचाकी गाडी त्या हिवाळ्यात आमचं घर होती.

बागेत दुपारपर्यंत तोड चालायची आणि संध्याकाळी भरती. हौद्यात आधी धानाचं तणस पसरायचं, मग संत्री खुली ओतायची, वरून सैल ताडपत्री. ताडपत्री घट्ट आवळली की मामा रागवायचे. तोडलेलं फळही श्वास घेतं, त्याची ऊब आत कोंडली तर माल नरम पडतो. रात्री निघून आम्ही कळमन्याला पोचायचो, रांगेत गाडी लावायचो आणि सकाळच्या हर्रासाची वाट पाहायचो. व्यापारी गाडीभोवती फिरत, वरची, मधली, तळाची फळं उचलून बघत आणि टनाच्या भावाने बोली लागे. मग हमाल माल उतरवत, मी हौदा झाडून काढी आणि पुढची भरती कुठे आहे याचा फोन येईपर्यंत आम्ही यार्डातच थांबायचो. भाव पडला की शेतकरी तोड थांबवायचे. अशा वेळी एका मुक्कामाचे अनेक मुक्काम होत.

केबिन म्हणजे जेमतेम एका खाटेची जागा. सीटच्या मागे आडवी फळी, तिच्यावर गादी, ती मामांची. मी पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपायचो. फळीखाली कणकेचा डबा, तिखट-मिठाच्या बरण्या, एक पातेलं, तवा आणि छोटा गॅस. आरशाला कंगवा अडकवलेला, टपाजवळच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, कारण रात्री अंधारात हात घातला की तीच वस्तू हाताला लागली पाहिजे. मामांची शिस्त कडक होती: चपला पायदानावर, पाण्याचा कॅन डाव्या बाजूला, कागदपत्रांची पिशवी डोक्यापाशी. इतक्या लहान जागेत दोन माणसांना न भांडता राहायचं तर शिस्तीला पर्याय नाही, हे मी तिथे शिकलो.

हिवाळ्यातलं जेवण मात्र राजाचं असायचं. बागेतून निघताना कुणी तुरीच्या हिरव्या शेंगा द्यायचं, कुणी वांगी. गाडीच्या आडोशाला वांगं भाजून भरीत, सोबत जाड पोळ्या, कच्चा कांदा. शेंगा सोलून सोले वेगळे केले की मामा सोलेभात करायचे. त्या वासाने शेजारच्या गाड्यांमधली माणसं जवळ यायची. बटाट्याच्या गाडीवरचा उत्तर प्रदेशचा ड्रायव्हर, कांदा घेऊन आलेला नाशिककडचा, मिरचीच्या गाडीवरचा तेलंगणातला. मिरचीच्या बाजूने वारा सुटला की सगळ्यांना एकदम ठसका लागायचा आणि ओळखीला तेवढं निमित्त पुरायचं. एकाची बॅटरी उतरली तर दुसरा केबल आणायचा, एकाला ताप आला तर दुसरा त्याच्या गाडीवर लक्ष ठेवायचा. शेजारी रोज बदलत, पण शेजारधर्म कायम राहायचा.

रात्री हावड्याच्या मार्गावरून मालगाड्या जात. त्यांच्या आवाजाची सवय झाली. थंडीची मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

29 डिसेंबर 2018 ला नागपूरचं किमान तापमान 3.5 अंशांवर उतरलं. 1937 सालचा 3.9 अंशांचा जुना नीचांक त्या पहाटे मोडला. आम्ही रांगेत होतो. आमच्या जुन्या गाडीत इंजिन दोन सीटांच्या मधोमध, लोखंडी झाकणाखाली होतं. गाडी बंद केल्यावर ते झाकण काही वेळ गरम राहायचं. रोज त्यावर पाण्याचा डबा ठेवायचा आणि अंगाला घोंगडी गुंडाळून टेकायचं, ही आमची पद्धत. "इंजिन थंडं व्हायच्या आत झोपून जाय पोरा," मामा म्हणायचे. त्या रात्री झोप लागायच्या आधीच इंजिन थंड झालं. पत्रा उलट अंगातली ऊब ओढून घेऊ लागला. बाहेर काही जण टायरचे तुकडे आणि फुटक्या खोक्यांची लाकडं पेटवून बसले होते. मी म्हटलं, निखारे पाटीत घालून आत आणू या का? मामा ताडकन उठून बसले. "बंद केबिनमंदी शेगडी नाही आणायची. थंडी कळते तरी, तो धूर कळतच नाही."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. मामांच्या ओळखीचा एक जण असाच गेला होता. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी लावून झोपलेल्यांच्या बातम्या येतात. ट्रकच्या केबिनमध्ये हवा त्याहून कमी. आम्ही दोघं बाहेर आलो, सगळ्यांबरोबर शेकोटीपाशी बसलो आणि उजाडेपर्यंत चहा पीत जागलो. झोप न झालेले ते सगळे हात काही तासांनी पुन्हा स्टेअरिंगवर गेले.

थंडी संत्र्याला मानवते. रात्री गार झाल्या की सालीतलं हिरवं द्रव्य ओसरतं आणि केशरी रंग उमलतो. ज्या फळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या रंगात या रात्रींचा मोठा वाटा आहे. पण त्या फळाबरोबर रात्र काढणाऱ्या माणसाला ती सोसावी लागते.

पुढे कामगार कायदे वाचायची वेळ आली तेव्हा मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून ती मनातून गेलेली नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली केंद्राने कायदा केला. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि कामासाठी जिथे रात्री थांबावं लागतं तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही यार्डात राहत होतो तेव्हा तो कायदा लागू होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. मामांच्या मालकाची एकच गाडी. देशातल्या कितीतरी गाड्या अशाच एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या आहेत. म्हणजे ज्याला ती खोली सर्वांत जास्त हवी, तोच कायद्याच्या कक्षेबाहेर. आमची गाडी रिकामी करणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. त्यात वेगवेगळ्या मालकांकडे काम करणाऱ्या माणसांची नोंदणी मंडळाकडे झाली, भविष्य निर्वाह निधीची सोय झाली. विखुरलेल्या कामगारालाही संरक्षण देता येतं, हे महाराष्ट्राने तेव्हाच करून दाखवलं आहे.

वाहनावर राहणं ही कमीपणाची गोष्ट नव्हे. युरोपात कितीतरी लोक हौसेने हिवाळा भूमध्य समुद्राच्या उबदार बंदरांत आपल्या शिडाच्या बोटीवर काढतात. धक्क्याला बोट बांधली की तिथे पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि आंघोळीची सोय मिळते, कारण या बोटीत माणूस राहतो हे त्या बंदराने गृहीत धरलेलं असतं. ट्रक ड्रायव्हरच्या बाबतीत युरोपीय संघ आणखी पुढे गेला. आठवड्याची पंचेचाळीस तासांची नियमित विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, ती योग्य निवासातच झाली पाहिजे, असा नियम तिथे 2020 पासून आहे.

आपल्याकडेही हालचाल सुरू झाली आहे. नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन 2025 पासून सक्तीची झाली. महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतिगृहं उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2024 मध्ये केली. या दोन्ही गोष्टींचं मला मनापासून समाधान आहे. पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावणार आहेत, आणि चालकाचा मुक्काम फक्त महामार्गावर नसतो. तो बाजाराच्या रांगेत असतो, गोदामाबाहेर असतो, कारखान्याच्या फाटकाशी असतो. त्याच हिवाळ्यात परतीच्या भाड्यासाठी एका गोदामाबाहेर आम्ही रात्रभर उभे होतो. आतलं संडास वापरू देण्याची मामांची विनंती पहारेकऱ्याने नाकारली. पन्नाशीतला माणूस काही न बोलता अंधारात रस्त्यापलीकडे गेला. त्या वेळी मला आलेला संताप आजही तसाच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे गाडीला रात्र काढावी लागते, अशा प्रत्येक बाजारात, गोदामात आणि कारखान्यात चालक आणि क्लीनरसाठी एक खोली, स्वच्छ संडास आणि हिवाळ्यात गरम पाणी असावं. गाडी एका मालकाची आहे की शंभर गाड्यांच्या कंपनीची, हे तिथे कुणी विचारू नये. माल गाडीत असेपर्यंत त्याची राखण करणारा माणूसही कामावरच असतो. त्याची झोप ही त्याची खाजगी अडचण समजणं आपण थांबवलं पाहिजे. ती झोप रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या जिवाशी बांधलेली आहे.