पॉलिग्राफ परीक्षक आणि कायदा

पॉलिग्राफ चाचणीत छाती आणि पोटाभोवतीच्या नळ्या श्वास टिपतात, दंडावरचा पट्टा रक्तदाब व नाडी, तर बोटांना लावलेल्या पट्ट्या घामागणिक बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता. खोटे बोलण्याची म्हणून वेगळी खूण शरीरात नसते. धसक्याने, संतापाने, रात्रीच्या जागरणानेही रेघ उसळते. त्या उसळीचा अर्थ लावतो परीक्षक, आणि नियमांचा खरा रोख त्याच्याकडेच हवा.

भारतात नियमन सुरू झाले ते संमतीपासून. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आरोपीची संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, त्याला वकील मिळू द्यायचा, चाचणीचे परिणाम समजावून सांगायचे आणि चाचणी रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने वकिलासमक्ष घ्यायची. तरीही 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संमतीविना चाचणीला वाट मोकळी ठेवली होती. ती 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. सक्तीची चाचणी अनुच्छेद 20(3) आणि 21 यांच्या विरुद्ध ठरली. राजीखुशीने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. तिच्या मदतीने पुढे हाती लागलेली वस्तू किंवा माहिती मात्र तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 27 नुसार दाखल होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, ही शंका तत्त्वे लिहिणाऱ्यांनाही होती. कोठडीचा काळ आणि चौकशीची पद्धत दंडाधिकाऱ्याने लक्षात घ्यावी, असे त्यांत मुद्दाम नमूद आहे.

परीक्षकासाठी परवान्याचा कायदा मात्र भारतात नाही, आणि ही उणीव मोठी आहे. अमेरिकेत अनेक राज्यांनी 1960च्या दशकापासून असे परवाने लागू केले. तिथल्या 1988च्या संघीय कायद्याने बहुतेक खासगी मालकांना कर्मचाऱ्यांची चाचणी घ्यायला मनाई केली. जिथे सूट दिली, तिथे परीक्षकाच्या कामाची पद्धतही आखून दिली. चाचणी किमान 90 मिनिटांची हवी, एका दिवसात पाचांहून अधिक नकोत. धर्म, राजकीय मते, लैंगिक वर्तन यांविषयी विचारायचे नाही. प्रश्न आधी लेखी दाखवायचे.

या शेवटच्या अटीत कसबाचे मर्म आहे. ‘पैसे कुठे गेले ते तुम्हाला माहीत आहे का?’ असे विचारले, तर ज्याला केवळ सहकाऱ्याचा संशय आहे, त्याचीही रेघ हलते. ‘ते पैसे तुम्ही उचललेत का?’ याला सरळ हो किंवा नाही एवढेच उत्तर उरते. अशा दुहेरी अर्थाच्या जागा प्रश्न आधी वाचून दाखवताना, समोरच्याचे म्हणणे ऐकून घेतानाच सापडतात. घाईत उरकलेल्या चाचणीत हाच भाग गळतो. सर्व आलेख, प्रश्न व अहवाल किमान तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्या कायद्यात आहे, म्हणजे तोच आलेख दुसऱ्या परीक्षकाला नव्याने वाचता येतो.