तिसरी पिन

नाताळच्या आदल्या सायंकाळी, मध्यरात्रीच्या मिस्साच्या सरावात, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर अखंड घुमू लागला. मी गिटारवादक मुलावर चिडलो. त्याने एकेक पेडल काढले, गिटारही काढली, घुमणे चालूच. मिक्सरकडे जाणारी वायर उपसताच मात्र चर्चमध्ये शांतता पसरली. मिक्सर एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या. दोन अर्थिंगांच्या वर्तुळातून 50 हर्ट्झच्या विजेची घरघर सुरांत शिरत होती. (सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, अर्थिंग नव्हे!)

“प्लगची तिसरी पिनच काढून टाक,” मी सुचवले.

“नको फादर. आत बिघाड झाला, तर वीज गिटारच्या तारांतून माझ्या हातात उतरेल.”

त्याने दोन्ही प्लग एकाच बोर्डात खोचले, वायर पुन्हा जोडली. घरघर विरली. त्याची क्षमा मागायचे मात्र त्या रात्री राहूनच गेले.