केस जुळला म्हणजे काय?

कोरेगावच्या कोर्टात वकिली सुरू केली तेव्हापासून बरीच वर्षं माझी एक पक्की समजूत होती. साक्षीदार फितूर होतो, पंच ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो, पण केसाला कुणी फोडू शकत नाही. रासायनिक विश्लेषकाच्या, म्हणजे सी.ए. रिपोर्टमध्ये ‘मयताच्या मुठीतले केस आरोपीच्या नमुना केसांशी मिळतेजुळते’ असं आलं, की उलटतपासणीत मी त्या मुद्द्याला हातच लावत नसे. आज मी तो मुद्दा सर्वांत आधी घेतो.

मला हलवलं ते अमेरिकेतल्या सँटे ट्रिबलच्या खटल्यानं. वॉशिंग्टनमध्ये १९७८ साली एका टॅक्सीचालकाचा खून झाला. बुरख्यासारखा वापरलेला एक स्टॉकिंग जवळपास सापडला, त्यात तेरा केस होते. त्यातला एक ट्रिबलच्या केसाशी जुळतो, अशी साक्ष एफबीआय या तपास यंत्रणेच्या तज्ज्ञानं दिली. तो २८ वर्षं तुरुंगात राहिला. २०१२ साली डीएनए तपासणी झाली, तेव्हा त्या तेरांतला एकही केस त्याचा निघाला नाही. एक तर कुत्र्याचा निघाला. पुढे २०१५ मध्ये एफबीआयनंच आपल्या जुन्या साक्षी तपासल्याचं जाहीर केलं. आरोपीविरुद्ध केसाचा पुरावा वापरलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञ शास्त्राच्या पुढे जाऊन बोलले होते. हे वाचून, मी गप्प बसलो ते सगळे रिपोर्ट मला आठवले.

मग मी केस शिकायला बसलो. वर खवल्यांचं आवरण, आत रंग धरणारा थर, मधोमध मज्जा. माणसाच्या केसात मज्जा साधारण एक तृतीयांश रुंदीपेक्षा कमी असते, जनावराच्या केसात बरीच जाड. त्यामुळे केस शेळीचा की माणसाचा, उपटलेला की गळालेला, कलप लावलेला की नाही, हे सूक्ष्मदर्शक चांगलं सांगतो. कुणाचा, हे मात्र तो सांगू शकत नाही. एकाच डोक्यावरचे कानशिलाचे आणि टाळूचे केस वेगळे दिसतात, आणि दोन परक्या माणसांचे सारखे दिसू शकतात.

डीएनएचंही तसंच, नीट समजून घ्यावं लागतं. मुळाशी पेशी असतील तर माणूस ओळखता येतो. नुसत्या गळालेल्या केसातून बहुधा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळतो, आणि तो आईकडून येतो. आमच्या भागातले किती खून बांधावरून, वाटणीवरून होतात! सख्ख्या भावांचा, मावसभावांचा तो डीएनए सहसा सारखाच असतो. म्हणजे भाऊबंदकीच्या खटल्यात, जिथे नेमकं ‘यातला कोण’ हेच ठरवायचं असतं, तिथेच हा पुरावा थांबतो. शिवाय माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. एका घोंगडीवर झोपणाऱ्या घरात कुणाचा केस कुणाच्या सदऱ्यावर सापडावा, यात नवल ते काय?

केसाचा पुरावा फेकून द्या, असं मी म्हणत नाही. निर्दोष माणसाला वगळायला तो फार मोलाचा आहे, आणि त्या कामासाठी आपण तो पुरेसा मागत नाही, याचं मला वाईट वाटतं. आरोपीच्या केसांचे नमुने घेण्याची स्पष्ट तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ मध्ये २००५ च्या दुरुस्तीनं आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं, असंही कलम आहे. तज्ज्ञ जातीलच, तर केसाच्या मुळाशी पेशी आहेत का हे रिपोर्टमध्ये लिहून यावं आणि असतील तर डीएनए तपासणी खटला उभा राहण्याआधी व्हावी. माझे अशील बहुतेक शेतकरी, मजूर. खासगी तज्ज्ञाची फी त्यांना परवडत नाही, म्हणून ही तपासणी सरकारनंच करायला हवी.