संगणकाला नवा मेंदू, तोही जुनाच!

मुलांनो, सायकलची चेन बदलता येते, गिरणीचा पट्टा बदलता येतो, मग संगणकाचा मेंदू बदलता येईल का? येतो, बरं का! या मेंदूला म्हणतात प्रोसेसर. कॅरमच्या स्ट्रायकरएवढी ती चौकोनी चकती असते.

पालघर तालुक्यातल्या आमच्या शाळेत दोन जुने संगणक आहेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने नवे घेतले, तेव्हा हे आमच्याकडे आले. त्यातला एकच चालू होता, पण कसा? पाठाचा व्हिडिओ लावला की चित्र अडकायचं आणि आवाज पुढे पळायचा. पस्तीस मुलं, एक पडदा! नवा घ्यायचा तर तीस-पस्तीस हजार. पालकसभेत जमले तीन हजार. त्यातल्या कितीतरी नोटा दहा-वीसच्या, कुणाच्या मासळीच्या पाटीतल्या, कुणाच्या भाताच्या लावणीच्या मजुरीतल्या. म्हणून ठरवलं, एक रुपयाही अंदाजाने खर्च करायचा नाही.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधलं. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजर उघडला. मेमरी निम्मी मोकळी. हार्ड डिस्क काढून आदल्या वर्षीच एसएसडी बसवली होती, तीही निवांत. पण सीपीयूपुढचा आकडा १०० वरून हलेना! म्हणजे दमला होता तो मेंदूच. (तुमच्या घरी डिस्कचा आकडा १०० दिसत असेल, तर प्रोसेसरवर पैसे घालू नका. आई-बाबांना सांगा, आधी एसएसडी. बहुतेक जुन्या संगणकांचं दुखणं तेच असतं.)

आमचा प्रोसेसर होता सेलेरॉन जी५३०, २०११ सालचा. त्याला कोअर दोनच. कोअर म्हणजे मेंदूतला कामकरी समजा. दोघांऐवजी चौघे असले की काम वाटून घेता येतं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला, त्यातही हीच युक्ती होती. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र कामाला लावले होते.

पण कोणताही प्रोसेसर कोणत्याही संगणकात बसत नाही हं! मदरबोर्डवर त्याचं घर असतं, त्याला सॉकेट म्हणतात. आमचं सॉकेट ११५५ नंबरचं. त्यात चार कोअरचा आय५-२४०० बसतो, तोही २०११ चाच. त्याच्या पुढच्या वर्षीचा आय५-३४७० सुद्धा बसतो, पण बोर्डाचा बायोस जुना असला तर तो या पाहुण्याला ओळखतच नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी बघितली. आमच्या बायोसला २४०० चालत होता, तोच पक्का केला. यादीत वॅटही बघितले. सेलेरॉन ६५ वॅटचा, हा ९५ चा. जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता, तेव्हा पंखाही मोठा हवा.

असे जुने सुटे भाग मिळायची जागा म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून आम्हांला मुंबई जवळ झालीय. एका विद्यार्थ्याचा आयटीआय करणारा दादा सोबत आला. लोकलमध्येच त्याने बजावलं, “बाई, लावून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.” दुकानदार म्हणाला, “मॅडम, पंधराशे.” दादाने तेराशेवर आणला, आणि तोही दुकानातल्या बोर्डावर चालवून बघूनच. पंखा चारशेला, थर्मल पेस्टची नळी शंभरला.

सोमवारी वर्गात शस्त्रक्रिया! वायर काढली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी लोखंडी खोक्याला हात लावला. जुना पंखा काढला, आत धुळीची गादीच होती. सॉकेटची दांडी उचलली नि सेलेरॉन अलगद बाहेर. खाली केसासारखी बारीक ११५५ टोकं चमकत होती. त्यांतलं एक वाकलं तरी बोर्ड वाया जाऊ शकतो. पहिल्या बाकावरची मुलं श्वास रोखून उभी! प्रोसेसरच्या कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, कडेला दोन खाचा असतात. त्या जुळवून चकती नुसती ठेवायची, दाबायची नाही. दांडी बंद करताना मात्र जोर लागतो आणि ‘कर्र’ असा आवाज येतो. तो आला की घाबरायचं नाही. वर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यावर पंखा.

बटण दाबलं. पडद्यावर ‘कोअर आय५’ अशी अक्षरं उमटली, ती मुलांनी एकासुरात वाचली. बायोसमध्ये तापमान बघितलं, ठीक होतं. व्हिडिओ लावला, चित्र अडकलं नाही. नेट मात्र पूर्वीइतकंच संथ! त्याला प्रोसेसर काय करणार?

एक अडचण उरली. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इतके जुने प्रोसेसर नाहीत. म्हणून लिनक्स मिंट घातलं. ते फुकट मिळतं.

सेलेरॉन साबणाच्या डबीत ठेवलाय. “बाई, तो दुसऱ्या संगणकात घालू या ना!” असा लगेच हट्ट झाला. मी म्हटलं, आधी घर बघा. मुलांनीच झाकण उघडलं, पंख्याच्या बाजूला वाकून आकडा वाचला. ७७५! म्हणजे सेलेरॉन त्यात जाणार नाही. आता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय: सॉकेट ७७५, शिल्लक १२०० रुपये. दादाची परीक्षा संपायची वाट बघतोय.