मुरुडची वाट आणि अंगावरचे कपडे

मुरुड म्हटले की पाहुण्यांना किनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि हर्णैची मासळी आठवते. आम्हा दापोली तालुक्यातल्या माणसांना आधी पाऊस आठवतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दापोलीहून आसूदची वळणे उतरून मुरुडला येईपर्यंत एकाच प्रवासात ऊन, धुके आणि सर असे तिन्ही भेटतात. म्हणून इथे कपडे घेताना मी रंग नंतर पाहते. आधी विचारते, हा वाळतो किती वेळात?

याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे. १८७५ साली, सतराव्या वर्षी, परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्याला पायी गेले. सुमारे ११० मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट, आणि वर कोसळता पाऊस. पोहोचल्यावर वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही! मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा मुले परीक्षेचे ऐकून हळहळतात. मला मात्र दर वेळी वाटते, चिंब कपड्यांत त्या मुलांनी घाट कसा चढला असेल? नायलॉन बाजारात यायला अजून साठहून अधिक वर्षे होती.

तेव्हा पावसात माणसे घोंगडी आणि इरले वापरत. दोन्हींत मोठे शहाणपण आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला गारठा लागू देत नाही. ओझे होते, वास येतो, पण ऊब टिकते. इरले तर त्याहून हुशार. बांबूच्या कामट्यांवर पाने बसवलेले, डोके आणि पाठ झाकणारे, पुढून उघडे. लावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे आणि वारा आरपार. आज आपण जो स्वस्त रेनकोट घेतो तो बाहेरचे पाणी अडवतो, पण आतला घामही अडवतो, आणि अर्ध्या तासात माणूस आतूनच भिजतो. रेनकोट घेताना काखेत आणि पाठीवर हवेसाठी झडप आहे का, शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे का, एवढे दोन मुद्दे पाहा. पाणी कापडातून कमी आणि शिवणीच्या भोकांतून जास्त येते.

जीन्सबद्दल माझे मत कडक आहे. डॉल्फिन पाहायला होडीत बसणारे पाहुणे जीन्समध्ये येतात आणि गुडघ्यापर्यंत भिजले की दिवसभर ती ओल वागवतात. जाड सुती कापड पाणी पिते आणि सोडत नाही. पॉलिस्टर जवळजवळ पीतच नाही, झटकले की निम्मे काम झाले. पण घामाच्या दिवसांत निव्वळ पॉलिस्टर अंगाला चिकटते, म्हणून आत पातळ सुती आणि वर मिश्र धाग्याचे, हे मला बरे वाटते. प्रवासात दोनच जोड असतील तर रात्री धुतलेला सकाळी नमाजला घालता आला पाहिजे. रस्त्याच्या चिखलाने माखलेल्या सलवारीत नमाजची वेळ गाठणे किती अवघड, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. वरून चढवायची रेनपँट ही म्हणूनच चैन नाही.

पायांसाठी शरीअतने सोयच दिली आहे. वुजू करून चढवलेल्या चामडी मोज्यांवर मुकीम माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र मसह करता येतो. थंडीतल्या रात्रीच्या एसटी प्रवासात याचा फार उपयोग होतो. कोकणच्या पावसात मात्र चामडे फुगते आणि बुरशी धरते. इथे पट्ट्याची रबरी सँडल बरी.

आता खरे काळजीचे. आपल्या मुली आता स्कूटीवर कॉलेजला जातात, बायका मोटारसायकलवर मागे बसतात. लांब ओढणी किंवा बुरख्याचा घेर चाकात, साखळीत गेला की काय होते? आसूदच्या उतारावर माझ्या एका सहकारी बाईंचा बुरखा साखळीत ओढला गेला. गाडी हळू होती आणि कापड फाटले म्हणून त्या वाचल्या. कापड मजबूत असते तर? टिकाऊपणा ही प्रत्येक ठिकाणी चांगली गोष्ट नसते. गाडीवर ओढणीऐवजी शिवलेला हिजाब घाला. तो हेल्मेटखाली सपाट बसतो. बुरख्याचा घेर कमी, लांबी घोट्याच्या वर, आणि बसल्यावर खालची कड पायाखाली दाबायची. वर रेनकोट घालायचा तर पोंचो नको, तो वाऱ्याने फुगतो. कमरेशी बांधता येणारे जाकीट आणि पँट घ्या. चाकाची जाळी तुटली असेल तर आधी ती बसवा, मग नवा बुरखा. मुलीला हे भावाने किंवा अब्बांनी सांगण्यापेक्षा त्यांनी जाळी बसवून आणलेली जास्त चांगली.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी धातूची चेन टाळावी. खारी हवा ती दोन वर्षांत धरून ठेवते, प्लास्टिकची टिकते. आणि पावसाळा संपला की रेनकोट घडी घालून पेटीत कोंबू नका. गोड्या पाण्याने धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, हँगरवर मोकळा टांगा. दमट जागी घडीत राहिला की आतला लेप पापुद्र्यासारखा सुटतो, आणि पुढच्या जूनमध्ये तो फक्त झाडांना झाकायच्या कामाचा उरतो.