तंबूतला घरोबा

संकटसमयी मनुष्य घराच्या आश्रयाला धावतो. परंतु घर हेच जेव्हा भयाचे कारण होऊन बसते, तेव्हा त्याने धावावे तरी कोठे, हा प्रश्न नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, आंबेसरी, सासवंद आदी गावांपुढे उभा राहिला. भूमी एकदाच हादरून शांत झाली असती तर गोष्ट निराळी होती. येथे धक्क्यांची मालिकाच सुरू झाली, आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी, ज्या दिवशी ४.१ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला, हळदपाड्यातील दोन वर्षांची एक बालिका घाबरून बाहेर पळताना पडून दगावली. सरकारने तंबू ठोकले, ताडपत्र्या वाटल्या, आणि भर थंडीत पाडेच्या पाडे रात्री उघड्यावर मुक्कामाला आले.

करवीच्या कुडाला शेणमाती लिंपून उभारलेली वारली झोपडी जमिनीबरोबर डोलते आणि सावरते. सिमेंट-विटांच्या घरकुलाच्या भिंतींना मात्र तडे जातात. पक्के घर मिळावे म्हणून ज्यांनी कचेरीचे उंबरठे झिजवले, त्यांनाच त्या पक्केपणाची धास्ती वाटावी, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. त्यातून या मुलखातले कितीतरी पुरुष वीटभट्ट्यांवर, वापीच्या कारखान्यांत किंवा गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेलेले असतात. मागे राहतात त्या आया, म्हाताऱ्या आणि पोरे.

अशा एका तंबूत पाहिलेली व्यवस्था माझ्या मनात कायमची ठसली आहे. निजताना मुले मधोमध आणि आया भोवताली कडेने. ओल्या बाळंतिणीची जागा वारा लागणार नाही अशी आतली. तिच्या वाट्याची नागलीची पेज दुसरीच्या चुलीवरून येई, आणि तिचे थोरले पोर तिसरीच्या कडेवर बसून अंगणवाडीला जाई. दिवसा स्वयंपाकासाठी घरात शिरावेच लागे. त्या वेळेसाठी या बायांनी आपसांत एक नियम ठरवून टाकला होता: जमीन हलली की हाताशी असेल ते मूल उचलायचे आणि अंगण गाठायचे, आपले कोठे आहे, हे मागाहून पाहायचे. आपले मूल शेजारणीच्या हाताशी असेल तर ती त्याला टाकून जाणार नाही, या खात्रीशिवाय कोणती आई असा नियम पाळू शकेल? मातृत्वाची थोरवी गाणारे पुष्कळ साहित्य मी वाचले आहे, परंतु त्याची इतकी निर्भय वाटणी मला अन्यत्र आढळली नाही. त्या बायांना साध्वी ठरवण्याचा मात्र माझा हेतू नाही. पाण्याच्या टँकरपाशी हंड्यांवरून त्यांची कडाक्याची भांडणे होत, आणि त्याच रात्री त्याच दोघी एकाच गोधडीखाली चार पोरांना निजवीत.

सरकारी दप्तराला हा घरोबा दिसत नाही. तंबूची नोंद कुटुंबप्रमुखाच्या नावे, आणि पंचनाम्यावर सही-अंगठाही बहुधा त्याचाच. तो शेकडो मैल दूर दर्यावर असला तरी शिरस्ता बदलत नाही. वास्तविक या राज्याला हा धडा नवा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी बायकांनाच ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले होते, आणि घरदुरुस्तीच्या कामात सरकार व गावकरी यांच्यातला दुवा म्हणून त्यांनी आपली पात्रता सिद्ध केली होती.

म्हणून महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, पुढच्या वेळी तात्पुरत्या निवाऱ्याची यादी चावडीवर करण्यापूर्वी ती पाड्यावरच्या आयांसमोर वाचून दाखवावी. कोणाच्या शेजारी कोणाचा तंबू असावा, चूल कोठे मांडावी, पाणी कोणत्या वेळी यावे, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना विचारण्यास सरकारचा एक पैसाही खर्च होत नाही.